ओक्येना, मार्गेरीता

(१ एप्रिल १७८८ – २५ नोव्हेंबर १८५६). सलेशियन या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत जोव्हान्नी (डॉन) बॉस्को यांची आई. रागीट वा बिथरलेल्या मुलांच्या ख्रिस्ती संगोपनाचे उदाहरण म्हणून कॅथलिक लेखनात तिचा उल्लेख येतो. ‘मामा मार्गेरीता’ या नावाने ती ओळखली जाते. इटालियन भाषेत ‘मामा’ म्हणजे आई.

जन्म उत्तर इटलीतील काप्रील्यो येथे, शेतकरी कुटुंबात. तिला लिहितावाचता येत नव्हते. १८१२ मध्ये फ्रांचेस्को बॉस्को या विधुराशी विवाह. जुझेप्पे व जोव्हान्नी हे तिचे मुलगे. अँतोन्यो (जन्म १८०८) हा सावत्र मुलगा. १८१७ मध्ये फ्रांचेस्को न्यूमोनियाने वारला. पुढे आलेले पुनर्विवाहाचे स्थळ तिने मुलांसाठी नाकारले.

अँतोन्योचा राग : आईवडील दोन्ही गमावलेला अँतोन्यो वयात येताच घरात धुसफूस सुरू झाली. शेतीचा भार त्याच्यावर होता आणि धाकटा जोव्हान्नी पुस्तक घेऊन बसतो, हे त्याला खपत नसे. चरित्रकार लेमॉईन (१८८६) याच्या वर्णनानुसार अँतोन्यो तिला सावत्र आई म्हणून हिणवी. ती मात्र हात न उगारता त्याचा राग ओसरेपर्यंत थांबे आणि मग समजूत घाली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छडी असे, पण ती वापरली जात नसे, असेही लेमॉईन सांगतो. समजुतीने भागेना, तेव्हा १८२८ च्या सुमारास तिने बारा वर्षांच्या जोव्हान्नीला मोंकुक्कोजवळील मोल्या कुटुंबाच्या शेतावर चाकरीस धाडले. तो दीड वर्षाहून अधिक काळ तेथे होता. पुढे मालमत्तेची वाटणी होऊन जोव्हान्नीच्या शिक्षणाचा मार्ग खुला झाला. १८३१ मध्ये अँतोन्योचा विवाह झाला. तंटा उपदेशाने नव्हे, तर वाटणीने मिटला, ही बाब भक्तिपर चरित्रांत सहसा दुय्यम ठरते.

साधने : मुख्य आधार डॉन बॉस्कोच्या आठवणी (लेखनारंभ १८७३) व लेमॉईनकृत चरित्र. दोन्ही अँतोन्योच्या मृत्यूनंतर (१८४९) लिहिली गेली; त्याची बाजू मांडणारे लेखन नाही. आठवणींत मोल्या येथील वास्तव्याचा उल्लेखच नाही. अँतोन्योच्या विरोधामागे स्वभावापेक्षा आर्थिक ओढाताण अधिक असावी, असे काही अभ्यासक मानतात.

तूरीन : ३ नोव्हेंबर १८४६ रोजी ती जोव्हान्नीसोबत पायी तूरीनला गेली आणि तेथील वाल्दोक्को भागात त्याने आसरा दिलेल्या निराधार मुलांचा स्वयंपाक, शिवण व धुणे पाहू लागली. मुलांच्या गरजांसाठी तिने लग्नातले दागिने व कपडे कामी आणले. मुलांनी भाजीचा वाफा तुडवल्यावर वैतागून ती गावी परतायला निघाली होती. जोव्हान्नीने भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखवल्यावर ती राहिली, अशी आख्यायिका आहे.

प्रभाव : विवेक, धर्म व जिव्हाळा या त्रयीवर आधारलेली डॉन बॉस्कोची ‘प्रतिबंधक पद्धती’ ही शिक्षणपद्धती (१८७७) तिच्या संगोपनातून उगवली, असे सलेशियन परंपरा मानते.



तूरीन येथे तिचे निधन झाले. २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला ‘पूज्य’ घोषित केले.