भादलीने उत्तर दिलं, बसस्टँडचं दार कधी देणार?

पोस्ट मोठी आहे. विषयही असा की चहाच्या टपरीवर काढला तर अर्धे हसतील आणि अर्धे नाक मुरडतील. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यात आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव आहे आणि ते अभिमानाने घ्यावं असं आहे.

प्रश्न साधा आहे. एखादी तृतीयपंथी व्यक्ती जन्मभर स्त्री म्हणून जगते. साडी नेसते, कपाळाला कुंकू लावते, घरादारात बाईच्याच नावाने ओळखली जाते. तिला जळगावच्या किंवा धुळ्याच्या बसस्टँडवर लघवीला लागली तर तिने कुठल्या दारात जायचं?

वीस वर्षं या भागात बातमीदारी करतोय. तृतीयपंथीयांच्या बातम्या येतात त्या टाळीच्या, पैसे मागण्याच्या, नाहीतर भांडणाच्या. हा प्रश्न बातमी म्हणून टेबलावर आलेला मी पाहिला नाही. म्हणून थोडा इतिहास सांगतो, म्हणजे हे दार कुठून आलं ते कळेल.

'स्त्रिया' आणि 'पुरुष' या दोन पाट्या काही देवाने लावलेल्या नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी खेड्यात संडासच नव्हते, गोदरी होती. बायांची एक बाजू, पुरुषांची दुसरी. बायांनी पहाटे अंधारात जायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. दिवसभर पोट आवळून बसायचं. दाराची वाटणी आली ती कारखान्यांतून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ साली कामाच्या ठिकाणी बायकांसाठी वेगळे संडास सक्तीचे केले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री आणि पुरुष कामगारांसाठी स्वतंत्र, बंदिस्त संडासाची सोय बंधनकारक केली. जळगावची खान्देश मिल, अमळनेर-धुळ्याची प्रताप मिल आठवणारी माणसं अजून आहेत. त्या गिरण्यांच्या भोंग्यावर आपली गावं मोठी झाली. म्हणजे ज्या वाटणीला आपण सनातन समजतो, तिचं कायद्यातलं वय शंभर-दीडशे वर्षांपलीकडे जात नाही.

आणि वाटणी झाली म्हणून बायकांना जागा मिळाली, असंही नाही. बाजारपेठेत पुरुषांना मुतारी सापडते, नाही सापडली तर भिंत आहेच. बाईने काय करायचं? मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' चळवळीतल्या बाया हेच विचारत होत्या: पुरुषाला लघवी फुकट, आणि बाईने मात्र पैसे का मोजायचे? पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने जनहित याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बजावलं की रस्त्यावर, बाजारात बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहं देणं हे तुमचं कर्तव्यच आहे. स्वतंत्र भारताला अडुसष्ट वर्षं झाल्यावर हे कोर्टाला सांगावं लागलं. बायकांची ही गत, तर रांगेत त्यांच्याही मागे उभी असलेल्या तृतीयपंथी बाईची काय असणार?

आता तिचा इतिहास.

पेशवाईच्या मुलखात हिजड्यांना गावोगाव धान्य आणि थोडे पैसे गोळा करायचा हक्क होता, त्याच्या सनदा होत्या. गावगाड्यात त्यांची जागा मानाची होती असं मी म्हणणार नाही, पण जागा होती. इंग्रज आले आणि मुंबई सरकारला हे हक्क म्हणजे लाजिरवाणी गोष्ट वाटू लागली. सरकारने ते मान्य करायचं बंद केलं.

मग आला १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट. गुन्हेगार जमातींचा कायदा म्हणून तो आपल्याला माहीत आहे. त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे फार जणांना माहीत नसतं. तो मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात राबवला गेला. सरकारने संशयितांची नोंदवही करायची. त्या वहीत नाव असलेली व्यक्ती बाईच्या कपड्यात किंवा दागिन्यांत सार्वजनिक रस्त्यावर दिसली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. चोरी केली म्हणून नव्हे, लुगडं नेसून रस्त्यावर दिसली म्हणून! १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग गळाला. पण अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाचं राज्य होतं, तिथल्या सरकारने १९१९ साली असाच नोंदवहीचा कायदा केला. तो कागदावर राहिला थेट २०२३ पर्यंत. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तेव्हा आपल्या सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन होते.

ही दोन वर्षांची कैद लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१५ एप्रिल २०१४. नालसा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांपैकी एक. कोर्टाने सांगितलं की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवायचा अधिकार ज्याचा त्याला आहे. त्याच निकालात केंद्र आणि राज्य सरकारांना तृतीयपंथीयांसाठी वेगळ्या सार्वजनिक स्वच्छतागृहांची सोय करायलाही सांगितलं. म्हणजे देशाच्या सर्वोच्च कोर्टालाही हा संडासाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने स्वच्छ भारत अभियानासाठी सूचना काढल्या. त्यात लिहिलं होतं की तृतीयपंथी हे बरोबरीचे नागरिक आहेत, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहात स्त्री किंवा पुरुष, त्यांना हवा तो विभाग त्यांना वापरू द्यावा. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आपल्या भुसावळ लाईनवरच्याच भोपाळमध्ये, मंगळवारा भागात, तृतीयपंथीयांसाठी वेगळं स्वच्छतागृह उघडलं गेलं.

आणि मग २०१९ चा कायदा, १० जानेवारी २०२० पासून लागू झालेला. सार्वजनिक सोयी वापरताना भेदभाव करता येणार नाही, असं त्यात आहे. कलम १८ तर असं सांगतं की इतरांना खुल्या असलेल्या सार्वजनिक जागी तृतीयपंथी व्यक्तीला जाण्यापासून किंवा ती जागा वापरण्यापासून अडवलं, तर अडवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आता ती दोन वर्षं आठवा. १८७१ साली ती सार्वजनिक जागी दिसली तर तिला दोन वर्षं. २०१९ साली तिला सार्वजनिक जागी अडवलं तर अडवणाऱ्याला दोन वर्षं. कायद्याला हे एवढं वळण घ्यायला दीडशे वर्षं लागली. सप्टेंबर २०२० च्या नियमांत तर अशा स्वच्छतागृहांसाठी दोन वर्षांची मुदतच होती. ती २०२२ मध्ये संपली. जळगावची सतरा मजली असो की धुळ्याची महापालिका, कुणीतरी माहितीच्या अधिकारात विचारावं की त्या मुदतीत आपल्याकडे काय झालं. मी विचारणार आहेच, तुम्हीही विचारा.

आता भादली.

डिसेंबर २०२०, ग्रामपंचायतीच्या निवडणुका. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी सर्वसाधारण महिला राखीव जागेवर अर्ज भरला. कोर्टाच्या कागदावर नाव अंजली गुरू संजना जान. अर्ज छाननीत बाद झाला. कारण काय, तर उमेदवार तृतीयपंथी आणि जागा महिलेची.

असाच प्रसंग आधी मध्य प्रदेशातल्या कटनीत घडला होता. तिथे कमला जान महिला राखीव जागेवर लोकांच्या मतांनी महापौर झाल्या, आणि पुढे कोर्टाने त्यांना पुरुष ठरवून निवडणूक रद्द केली. लोकांनी दिलेली खुर्ची कागदाने काढून घेतली. त्यामुळे भादलीचं काय होणार, याची धाकधूक असणारच.

पण मधल्या काळात नालसाचा निकाल आणि नवा कायदा आला होता. औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी आदेश दिला की याचिकाकर्तीने स्त्री ही ओळख निवडली आहे, तो तिचा हक्क आहे, तिला महिला राखीव जागेवर लढू द्या. संधीसाधूपणे उद्या पुन्हा पुरुष म्हणवून घेता येणार नाही, हेही कोर्टाने पाहिलं. १५ जानेवारीला मतदान झालं. १८ तारखेला मतमोजणी झाली आणि अंजली पाटील निवडून आल्या.

हे मुंबई-पुण्यात घडलं नाही भो. जळगाव-भुसावळच्या मधल्या स्टेशनाच्या गावात घडलं. कोर्टाने फक्त लढायची परवानगी दिली होती. निवडून दिलं ते शेतात राबणाऱ्या बायांनी आणि गड्यांनी. गावाच्या कारभारात महिलेची जागा म्हणून जी जागा होती, ती गावाने तिच्या हातात दिली. मग बसस्टँडवरची महिलांची जागा तिच्यासाठी बंद कशी?

जळगाव-धुळ्यात बातमीच्या निमित्ताने ज्या तृतीयपंथी स्त्रियांशी बोलणं झालं, त्यांच्या सांगण्यातलं सार असं. पुरुषांच्या बाजूला गेलं तर टवाळी, हात लावणं, कधी त्याहून वाईट. बायांच्या बाजूला गेलं तर कुणी दचकतं, कुणी ओरडतं, आणि टेबलावर पैसे घेणारा उठून येतो. म्हणून प्रवासाला निघताना सकाळपासून पाणी प्यायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यात हे. लघवी दाबून आणि पाणी टाळून काय होतं ते कुठल्याही डॉक्टरला विचारा.

इथे खरी मेख आहे. सर्वोच्च न्यायालय, संसद, मंत्रालय सगळ्यांचं सांगून झालं. पण दारात निर्णय कोण घेतो? पाच-दहा रुपये घेऊन सुट्टे परत देणारा टेबलावरचा माणूस. त्याला कायदा कुणी सांगितलाच नाही. ठेकेदार त्याला हिशोब विचारतो, कलम १८ नाही विचारत. दोष एकट्या त्याचा नाही. पण कायदा त्या टेबलापर्यंत पोचला नाही, तर तो पोचलाच नाही असं समजा.

आता ज्या ताई-माई हे वाचत असतील त्यांची शंका. एखादा पुरुष साडी नेसून आत घुसला तर? शंका चुकीची नाही, बायांनी आयुष्यभर जे भोगलंय त्यातून ती आली आहे. पण बाईची छेड काढणं, लपून बघणं, मोबाईलवर चित्रण करणं हे आजही गुन्हेच आहेत, करणाऱ्याने काहीही नेसलेलं असो. बायांना वाचवायला चांगली कडी हवी, दिवा हवा, भरभक्कम दार हवं. किती ठिकाणी कडी धड आहे सांगा बरं? कडी सगळ्यांनाच हवी आहे, तिलाही आणि तुम्हालाही.

वेगळं स्वच्छतागृह बांधावं की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. मोठ्या शहरात जमेल. आपल्याकडे एक बांधतील, उद्घाटनाचा फोटो येईल आणि महिन्याभरात कुलूप लागेल, ही भीती मला आहे. शिवाय तालुक्याच्या गावाला काय करणार? म्हणून २०१७ ची सूचना मला जास्त व्यवहारी वाटते: जिला जिथे सुरक्षित वाटेल तिथे तिला जाऊ द्या. भुसावळहून सुटणाऱ्या कुठल्याही गाडीत बघा. एसी असो की जनरल डबा, संडासावर स्त्री-पुरुष अशी पाटी नसते. चार संडास, चार कड्या, ज्याला लागली तो जातो. आजवर कुणाचा धर्म बुडाला नाही.

रीतभात म्हणाल तर फार थोडी आहे. रांगेत ती पुढे असेल तर तिचा नंबर आधी. टक लावून बघायचं नाही, फोन काढायचा नाही. 'तू नेमका कोण' हे विचारायचं नाही, संडासात कुणी कुणाला हे विचारत नसतं. आणि कुणी अडवत असेल तर एवढंच म्हणायचं, "जाऊ द्या ना त्यांना."

एक शेवटचं. सप्तशृंगीचं माहेर खान्देश, असं आपण म्हणतो. कोजागिरीला गडावर तृतीयपंथीयांचा छबिना निघतो तेव्हा आपलीच माणसं त्यांच्या पाया पडतात, पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतात. गडावर आशीर्वाद घेतो ती बाई खाली बसस्टँडवर आपल्याला चालत नाही, हे देवीला कसं पटेल?

मागणी एका ओळीची आहे, खर्च एका पाटीचा. जळगाव आणि धुळे महापालिकेने, नगरपालिकांनी आणि एसटी महामंडळाने प्रत्येक स्वच्छतागृहावर मराठीत पाटी लावावी: 'तृतीयपंथी व्यक्ती आपल्या पसंतीचा विभाग वापरू शकतात, अडवणे गुन्हा आहे.' आणि ठेक्याच्या करारात हेच वाक्य घालावं. तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला ही पोस्ट पाठवा. त्याचं काय उत्तर आलं ते खाली लिहा.