एकदाच मिळणारी साक्ष

१९३६ साली रूडी मांडल नावाच्या एका हौशी अभियंत्याच्या आग्रहावरून आइन्स्टाईनने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. एक तारा दुसऱ्याच्या नेमका समोर आला, तर त्याचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे वागून मागच्याचा प्रकाश वाढवील, असे त्याने गणिताने दाखवले. हे प्रत्यक्ष दिसण्याची मात्र फारशी आशा नाही, असेही नोंदवले. संपादकांना तर त्याने कळवले की, या लिखाणाचे मोल फारसे नाही, पण त्या बिचाऱ्याला आनंद होईल.

गणित अचूक होते; निराशा त्या काळच्या साधनांची होती. आकाशगंगेच्या मध्याकडील सुमारे दहा लाख ताऱ्यांत एखादाच एका वेळी असा उजळलेला असतो. १९८६ मध्ये बोहदान पाचिन्स्की यांनी सुचवले, की मग लक्षावधी ताऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवावी. तेव्हा शोध कृष्णद्रव्याचा होता. १९९१ मध्ये शुदे माओ यांच्यासह त्यांनी दाखवले, की भिंग झालेल्या ताऱ्याला ग्रह असेल तर प्रकाशाच्या आलेखावर त्याचाही क्षणिक उंचवटा उमटेल. १९९३ मध्ये अशा घटना प्रथम हाती लागल्या आणि २००३ च्या एका घटनेत पहिला ग्रह सापडला.

१० ऑगस्ट २००५ रोजी चिलीतील ला सिया येथील डॅनिश दुर्बिणीला मावळत्या आलेखावर असाच उंचवटा दिसला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील दुर्बिणीने त्याला दुजोरा दिला. दिवसभरात सारे संपले. त्यावरून पृथ्वीच्या सुमारे साडेपाच पट वस्तुमानाचा ग्रह अनुमानिला गेला.

हे दोन तारे पुन्हा असे एका रेषेत येणार नाहीत. मग ज्याची पुनरावृत्ती नाही, त्याला विज्ञान म्हणावे का? मला वाटते, इथे खगोलशास्त्र इतिहासाच्या जवळ येते. इतिहासकारालाही लढाई पुन्हा लढवून पाहता येत नाही. परस्परांपासून स्वतंत्र अशा साक्षी जुळतात का, एवढेच तपासता येते. त्या रात्रीही एकाच दुर्बिणीवर विसंबले असते, तर तो उंचवटा उपकरणाचा दोष ठरू शकला असता.

आइन्स्टाईन चुकला, असे म्हणणे सोपे आहे. खरे तर, अनेक माणसे मिळून किती चिकाटीने पाहू शकतात, एवढेच त्याच्या गणितात नव्हते.