दारू नाही, तरी फॅटी लिव्हर? साखरेतून बनणाऱ्या ॲल्डिहाइडची गोष्ट

मी रोज कसाऱ्याहून लोकलने मुंबईला ऑफिसला जातो. अडीच तास प्रवास, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात कोल्ड्रिंक. मागच्या वर्षी सोनोग्राफी रिपोर्टची पीडीएफ आली: ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. मी दारूला हातही लावत नाही, मग हे कसं? शोधल्यावर जे समजलं, ते सोप्या भाषेत सांगतो.

फॅटी लिव्हर म्हणजे काय?
लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठणं. बहुतेकदा काहीच दुखत नाही, पण दुर्लक्ष केलं तर काहींमध्ये ते सिरोसिसपर्यंत जातं.

ॲल्डिहाइड कुठून येतात?
साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज फोडताना पेशी गरजेनुसार ब्रेक लावते. फ्रुक्टोज मात्र हा ब्रेक चुकवून जातं. आमच्या भाषेत, रेट लिमिट नसलेला सर्व्हर! लिव्हरमध्ये त्याचे पटापट तुकडे होतात. त्यातला ग्लिसराल्डिहाइड स्वतःच ॲल्डिहाइड आहे. इतर तुकड्यांपासून थोडं मिथाइलग्लायॉक्सल बनतं आणि ते प्रथिनांना जाऊन चिकटतं. पेशीतलं ग्लायॉक्सलेज हे एन्झाइम त्याची सफाई करतं, पण माल जास्त आला तर सफाई अपुरी पडू शकते.

चरबी का वाढते?
एएमपीके हे प्रथिन म्हणजे पेशीचं बॅटरी सेव्हर. ऊर्जा कमी पडली की ते चालू होतं, नवी चरबी बनवणं थांबवतं आणि साठलेली जाळायला लावतं. संशोधकांचा अंदाज असा, की मिथाइलग्लायॉक्सल याच स्विचला चिकटून तो जाम करतं.

हे सिद्ध झालंय का?
पूर्णपणे नाही. पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतला आहे. शिवाय फ्रुक्टोजपासून थेट चरबीही बनते; वजन, आनुवंशिकता, बैठं काम ही कारणं आहेतच.

आपण काय करायचं?
बाटलीवरचं लेबल मोबाईलने झूम करून वाचा. १०० मिलीला १०.६ ग्रॅम साखर असेल, तर २५० मिलीत २६.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला वरून घातलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे एका बाटलीतच कोटा संपला! घाटातली करवंदं-जांभळं मात्र बिनधास्त खा. अख्ख्या फळात साखर कमी आणि तंतू असतात.

मी आता बॅगेत पाण्याची बाटली ठेवतो. तुमच्या रिपोर्टमध्येही हे शब्द दिसले, तर घाबरू नका, पण डॉक्टरांना नक्की दाखवा.