तळटीप : पानफुटी

२७. पानफुटी : कलांचो पिनाटा. मूळची मादागास्करची, आता आपल्या कुंड्यांत रुळलेली. पान सकाळी आंबट लागते, हे लेखकाचे निरीक्षण अचूक आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी भारतात स्वतः चव घेऊन हेच लिहिले; लंडनच्या लिनियन सोसायटीने ते १८१५ साली छापले. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. पाणी वाचवण्यासाठी ही वनस्पती पर्णरंध्रे रात्री उघडते. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा उन्हात खर्ची पडतो.

‘रक्तशुद्धी’चा दावा मात्र जपूनच वाचावा. पानात क्वेर्सेटिन, केम्फेरॉल या गटांतली फ्लॅव्होनॉइडे असतात. पानांचा अर्क डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणाला फिके पिवळे करतो, म्हणजे त्यातली मुक्त मूलके निष्प्रभ करतो. पण हे परीक्षानळीत. पोटात गेल्यावरही तसेच घडते, असे त्यावरून ठरत नाही. शिवाय याच वनस्पतीत हृदयावर परिणाम करणारी ब्युफाडायनोलाइडे आहेत. ऑस्ट्रेलियात या प्रजातीतील झाडे, विशेषतः फुलोऱ्यासकट, खाऊन गुरे दगावली आहेत. – संपा.