फ्यूज नेमकं कुणाला वाचवतो?

आज विषय तसा रुक्ष वाटेल: मोटर चालवणाऱ्या बोर्डांचा वीजपुरवठा आणि त्याचं संरक्षण. पण त्यालाही इतिहास आहे, आणि तो फ्यूजपासून सुरू होतो.

1880 मध्ये एडिसनने विजेच्या दिव्यांसाठी 'सुरक्षा-वाहका'चं पेटंट मिळवलं. कल्पना साधी: प्रवाह वाढला की एक बारीक तुकडा आधी वितळेल आणि पुढचं वाचेल. फ्यूजचं मुख्य काम वायर तापून आग लागू न देणं. नाजूक चिप वाचवणं हे त्याचं काम कधी नव्हतंच. हा फरक लक्षात ठेवा.

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊ. 2005 मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला. थ्रीडी प्रिंटर घरी, स्वस्तात बनवता यावा, हा हेतू. त्यातूनच रॅम्प्स नावाचं बोर्ड आलं. ते आर्डुइनो मेगावर बसतं आणि त्याच्यावर स्टेपर मोटरचे ड्रायव्हर बसतात.

रॅम्प्सच्या 1.4 आवृत्तीत दोन पॉलीफ्यूज आहेत: मोटरींसाठी 5 अँपिअरचा, तापणाऱ्या बेडसाठी 11 अँपिअरचा. पॉलीफ्यूज वितळत नाही. प्लास्टिकमध्ये कार्बनचे कण असतात. तापलं की प्लास्टिक फुगतं, कणांची साखळी तुटते, रोध वाढतो. थंड झालं की पुन्हा चालू. सोय मोठी, पण तो सावकाश तुटतो, आणि तुटायला लागतो साधारण दुप्पट प्रवाह. चिप त्याच्या आधीच गेलेली असते.

मग चिपचं काय? ए4988 या ड्रायव्हरची मर्यादा 35 व्होल्ट. पुरवठा फक्त 12 व्होल्टचा असला, तरी लांब वायरींमुळे तो जोडताक्षणी 35 च्या वर उसळी जाऊ शकते. इथे फ्यूजचा उपयोग शून्य. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरशेजारी मोठा कपॅसिटर आला. म्हणजे बघा, प्रत्येक धोक्याला वेगळा राखणदार लागतो.

पुढे लोकांना 24 व्होल्ट हवे झाले, आणि बोर्डाची हद्द दिसली. त्यातला 11 अँपिअरचा पॉलीफ्यूज 16 व्होल्टपर्यंतचाच. आर्डुइनोला वीज देणारा डी1 डायोड तसाच ठेवला, तर मेगाच्या 20 व्होल्टच्या मर्यादेपलीकडचा दाब थेट आत. उपाय काय? डायोड काढून टाका, अशी सूचना. वायरी उलट जोडू नका, आग लागेल, हीही सूचना. वीज चालू असताना मोटर काढू नका, हीसुद्धा सूचनाच.

माझ्या मते या इतिहासाचं मर्म इथे आहे. बोर्ड स्वस्त करताना जे संरक्षण वगळलं, ते नाहीसं झालं नाही. ते सर्किटमधून निघून कागदावर गेलं. काही रुपयांच्या भागाचं काम वाचणाऱ्याच्या सावधपणावर सोपवलं गेलं. त्यामुळेच हजारो लोकांना घरी यंत्र बांधता आलं, हेही खरंच. पण सूचना न वाचणाऱ्याला फ्यूज वाचवत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखादं बोर्ड हातात घ्याल, तेव्हा त्यावर काय आहे ते बघाच. पण त्याची सूचना-पत्रिकाही उघडा. जे बोर्डावर नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.