जर्सीवरचे नाव : वायादोलिदच्या बास्केटबॉल क्लबचा उदय आणि अस्त

१/ सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या सुवर्णपदकाचा आधारस्तंभ ठरलेला २.२१ मीटर उंचीचा अर्विदास साबोनिस १९८९ मध्ये स्पेनमध्ये आला. माद्रिद किंवा बार्सिलोना नव्हे, त्याचे गाव होते वायादोलिद. आणि त्याच्या संघाला नाव होते टपाल तिकिटे विकणाऱ्या एका कंपनीचे.

२/ पिसुएर्गा नदीकाठचे वायादोलिद हे जुन्या वैभवाचे शहर. कोलंबसाने अखेरचा श्वास येथेच घेतला. १६०१ ते १६०६ या काळात स्पेनची राजधानीही येथेच होती. हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १९७६ मध्ये, या शहरात ‘क्लब बालोन्सेस्तो वायादोलिद’ स्थापन झाला.

३/ युरोपीय बास्केटबॉलची एक रूढी येथे ध्यानात घ्यावी लागते. प्रायोजक केवळ जर्सीवर झळकत नाही. संघच त्याच्या नावाने ओळखला जातो. १९८० च्या दशकात ‘फोरम फिलातेलिको’ ही कंपनी प्रायोजक झाली आणि संघ लोकांच्या तोंडी ‘फोरम’ झाला.

४/ साबोनिससोबत त्याचा ऑलिंपिक सहकारी वाल्देमारास होमिचियसही आला. साबोनिस तीन हंगाम येथे खेळला आणि १९९२ मध्ये रेआल माद्रिदकडे गेला. तेथे १९९५ मध्ये युरोपीय विजेतेपद मिळवून तो अमेरिकेतील एनबीएत दाखल झाला.

५/ पुढे १९९३ ते १९९५ ब्राझीलचा ऑस्कर श्मिट येथे खेळला. १९८७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेला त्यांच्याच भूमीवर नमवताना ४६ गुण करणारा हाच तो. क्लबने मोठे विजेतेपद कधीच जिंकले नाही. तरी जगातील श्रेष्ठ खेळाडू या शहराने आपल्या अंगणात पाहिले.

६/ दरम्यान १९९० च्या क्रीडा कायद्याने स्पेनमधील बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनीचे रूप घेणे भाग पाडले. सभासदांची संस्था आता ताळेबंदावर जगणार होती, आणि त्या ताळेबंदाचा मोठा आधार म्हणजे प्रायोजक.

७/ त्या प्रायोजकाचा पैसा कुठून येत होता? फोरम सामान्य बचतदारांना टपाल तिकिटांचे संच विकत असे आणि ठरावीक मुदतीनंतर ते वाढीव किमतीत परत घेण्याची हमी देत असे. तिकिटांचे खरे मोल त्या किमतीच्या जवळपासही नव्हते. जुन्या ग्राहकांची देणी नव्या ग्राहकांच्या पैशांतून भागत होती.

८/ ९ मे २००६ रोजी न्यायालयाच्या आदेशाने पोलीस कंपनीच्या कार्यालयांत शिरले. अडीच लाखांहून अधिक बचतदारांचे पैसे अडकले. कित्येकांची ती आयुष्यभराची पुंजी होती. २०१८ मध्ये कंपनीच्या सूत्रधारांना शिक्षा झाल्या.

९/ क्लबवर फसवणुकीचा ठपका नव्हता. तरीही एक अवघड सत्य उरतेच. तिकिटे विकणाऱ्या कंपनीने संघाला पैसा दिला आणि संघाने तिला प्रतिष्ठा दिली. दर आठवड्याला वृत्तपत्रांत छापून येणारे, हजारो कंठांतून घुमणारे नाव लोकांना खोटे कसे वाटावे?

१०/ क्लब लगेच कोसळला नाही. नवे प्रायोजक आले. काही काळ तर संघ ‘ब्लांकोस दे रुएदा’ या परिसरातील पांढऱ्या वाइनच्या नावाने खेळला. २००८ मध्ये तो खालच्या श्रेणीत गेला, पुढच्याच वर्षी परतला. पण आर्थिक मंदीने ग्रासलेल्या स्पेनमध्ये स्थिर आश्रयदाता मिळणे कठीण झाले होते. २०१४ मध्ये पुन्हा घसरण झाली आणि २०१५ मध्ये कर्जबाजारी क्लब विसर्जित झाला.

११/ त्याच वर्षी शहरात नवा क्लब उभा राहिला, पण कायद्याच्या दृष्टीने तो वेगळा होता. १९७६ पासूनचा धागा तुटला होता. मात्र पिसुएर्गाच्या क्रीडागृहात साबोनिसला पाहिलेल्या पिढीच्या आठवणीत तो संघ आजही ‘फोरम’च आहे.

१२/ हीच या इतिहासातील खरी वेदना. ज्या नावाने काहींना तारुण्यातील सर्वांत आनंदाच्या संध्याकाळी आठवतात, त्याच नावाने इतरांना बुडालेली बचत आठवते. क्लबचा इतिहास लिहिताना त्यांपैकी एकच आठवण निवडता येत नाही.