चाचणी कोणाची? : एचआयव्ही तपासणीच्या इतिहासातून एक धडा



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत एचआयव्हीचा विषय पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण ज्या गोष्टीविषयी घरात बोलले जात नाही आणि मोहल्ल्यात केवळ कुजबुज होते, तिच्याविषयी शिक्षणसंस्थेने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? या लेखात रोगाची भीती घालण्याचा हेतू नाही. ही चाचणी कोणाची करावी, या एका प्रश्नाचे उत्तर चाळीस वर्षांत कसे बदलत गेले, एवढेच आपणांपुढे मांडायचे आहे.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सच्या इतिहासाचा आरंभ येथून धरतात. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांना रोगाचा विषाणू सापडला आणि २ मार्च १९८५ रोजी अमेरिकेत पहिल्या रक्तचाचणीला परवाना मिळाला. विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती रक्तात आहेत की नाहीत हे ती चाचणी दाखवीत असे. रक्तपेढीतील रक्त निर्धोक ठेवणे हा तिचा पहिला उद्देश होता. रुग्णाच्या हाती मात्र तिच्यामुळे काहीच लागत नव्हते, कारण १९८७ पर्यंत या रोगावर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हते. उपचार नाही, पण बदनामी नक्की, अशा स्थितीत चाचणीला स्वखुशीने कोण पुढे येणार? साहजिकच ज्यांच्यावर संशय, त्यांचीच चाचणी, अशी रीत पडली.

आपल्या देशातही प्रारंभ असाच झाला. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या रुग्णालयात त्यांची तपासणी झाली, आणि भारतात हा विषाणू असल्याचे प्रथमच सिद्ध झाले. शोध मोलाचा होता यात शंका नाही. परंतु हा रोग 'तसल्या' लोकांचा, आपला त्याच्याशी संबंध नाही, असा सोयीचा अर्थ समाजाने त्यातून काढला.

त्या समजुतीची किंमत गोव्यातील एका तरुणाने मोजली. डॉमिनिक डिसूझा नियमित रक्तदान करीत असत. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि म्हापशाजवळ क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत एकटे कोंडून ठेवले. त्यांच्या दान केलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला होता, आणि तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. ही कोठडी ६४ दिवस चालली. त्यांच्या आई लूसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, पण न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. डॉमिनिक यांनी पुढे बाधितांसाठी संस्था उभारली आणि मे १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. वाचकहो, रक्त देणाऱ्याला रक्ताच्या अहवालामुळे कोंडले जाते असे दिसल्यावर दवाखान्याची पायरी चढण्याची हिंमत किती जणांना होईल, याचा आपणच विचार करा. सक्तीने रोग सापडत नाही. रोगी मात्र लपतो.

हे चित्र पालटले ते औषधांमुळे. गरोदर मातेला औषध दिल्यास बाळाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा सुमारे २५ वरून ८ वर येते, असे १९९४ मधील एका अभ्यासात आढळले. मग प्रत्येक गरोदर स्त्रीला चाचणीविषयी विचारण्याची पद्धत अमेरिकेत रुजू लागली. सर्वांनाच विचारले जात असल्याने 'मलाच का?' असे वाटण्याचे कारण उरले नाही. १९९६ पासून अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार आला आणि मरणाच्या दारातील माणसे कामावर परतू लागली. आता लवकर कळणे म्हणजे आयुष्य वाचणे असे समीकरण झाले.

तरीही संशयावरून निवड करण्याची जुनी रीत पुरी पडत नव्हती. रुग्ण खासगी गोष्टी सांगत नाही, डॉक्टर संकोचाने विचारीत नाही, आणि पतीकडून लागण झालेल्या गृहिणीला तर स्वतःला धोका आहे हेच ठाऊक नसते. २००३ च्या सुमारास अमेरिकेत दहा लाखांहून अधिक बाधित होते आणि त्यांतील साधारण चौथा हिस्सा आपल्या लागणीविषयी अनभिज्ञ होता. आफ्रिकेतील बोट्स्वाना देशाने २००४ पासून सरकारी दवाखान्यांत ही चाचणी नेहमीच्या तपासणीचा भाग केली. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १३ ते ६४ वयाच्या सर्वांना आधी सांगून, नकाराची मुभा ठेवून, चाचणी करावी अशी शिफारस केली. २०१३ मध्ये तेथील तज्ज्ञ मंडळानेही १५ ते ६५ वयोगटासाठी तोच कौल दिला. रक्तदाब मोजताना कोणी कोणाच्या चारित्र्याचा हिशेब मागत नाही. येथेही मागू नये, हा त्यामागचा विचार.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीवर मोफत औषधोपचार सुरू झाला. गरोदर माता आणि क्षयरोगी यांना चाचणी सुचविली जाते. इतर कोणालाही सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत करून घेता येते. १०९७ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते. २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच चाचणी करावी, असा त्याचा दंडक आहे. नोकरी अथवा शाळा-कॉलेजातील प्रवेशासाठी चाचणीची अट घालण्यासही त्यात मनाई आहे. विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. लागण झाल्यानंतरचे काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही, म्हणून धोक्याचा प्रसंग अलीकडचा असेल तर ती पुन्हा करावी लागते. तसेच पहिल्या एकाच चाचणीवरून कोणालाही बाधित ठरवीत नाहीत. निराळ्या पद्धतीच्या चाचण्यांनी खात्री केली जाते. योग्य उपचार नियमित घेतल्यास आज बाधित व्यक्ती दीर्घायुष्य जगते, आणि रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबलेला राहिल्यास शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही.

तेव्हा पालकहो, सोयरीक जुळविताना एकाच बाजूकडे बोट दाखवून 'आधी तपासून या' म्हणणे म्हणजे त्या जुन्या संशयालाच पुन्हा घरात घेणे होय. मुलगा आणि मुलगी दोघांनी राजीखुशीने, बरोबरीने चाचणी केली तर कोणाचाच मान जात नाही. आणि अहवाल काहीही आला तरी माणूस आपलाच राहतो, एवढी खात्री आपल्या मुलांना आपल्याकडून मिळाली, तर चाचणीची निम्मी भीती तेथेच संपेल.